युद्ध करू हो, पण पैसे कोणाचे?

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोन दिवस झाले होते, शुक्रवार होता, आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही आठ जण डबे उघडून बसलो होतो. आठातले सात सेनापती. एकाला एस-४०० चा पल्ला तोंडपाठ, दुसऱ्याला राफेलखाली कुठलं क्षेपणास्त्र लागतं ते माहीत, तिसऱ्याने तर डब्याच्या झाकणावर लोणच्याच्या तेलाने कराची बंदराचा नकाशा काढून नौदलाने कुठून शिरावं हे समजावून सांगायला सुरुवात केली. सर्वांचं एकमत, की आता थांबायचं नाही, एकदाचा काय तो निकाल लावून टाकायचा. मी आपला गवारीची भाजी खात ऐकत होतो. शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, "आपल्याकडे परकीय चलन किती आहे रे सध्या?"

शांतता. मग नकाशावाला म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध?"

बरोबर, त्याचा इथे काय संबंध! हे त्याचं वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलंय, म्हणून आज रविवारी चहा बाजूला ठेवून लिहायला घेतलं आहे.

आधीच सांगून टाकतो, मी कोणी शांतिदूत वगैरे नाही. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेल्यावर काहीतरी करणं भागच होतं असं माझंही मत आहे. माझं भांडण लढण्याशी नाही. लढाई फक्त छातीच्या जोरावर होते असं समजणाऱ्यांशी आहे. टीव्हीवर मिशा पिळणारे निवृत्त अधिकारी, त्यांच्यासमोर ओरडणारा तो सूत्रसंचालक, आणि ते बघून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तेच ओकणारे आपण सुशिक्षित लोक, यांच्यापैकी कोणीही कधी तेलाचं बिल, आयातीचा खर्च, हुंडणावळ हे शब्द उच्चारतो का? रणगाडा डिझेलवर चालतो, डिझेल कच्च्या तेलातून येतं, आणि कच्चं तेल विकणारा अरब आपल्याकडून रुपये घेत नाही, त्याला डॉलर लागतात. इतकी साधी साखळी आहे. ती तुटली की रणगाडा जिथे असेल तिथे उभा राहतो, आत बसलेला जवान कितीही शूर असला तरी.

उदाहरण म्हणून सुएझ घ्या. शाळेत आपण 'सुएझचा पेचप्रसंग' एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो, पण तो सगळा प्रकार मुळातून वाचण्यासारखा आहे.

२६ जुलै १९५६ ला इजिप्तच्या नासेरने सुएझ कालव्याच्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. कंपनी ब्रिटिश आणि फ्रेंच भागधारकांची. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांचा संताप झाला. त्यांच्या डोक्यात नासेर म्हणजे दुसरा मुसोलिनी! मग पॅरिसजवळ सेव्हर इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुपचूप बसून एक नाटक लिहिलं. इस्रायलने सिनाईत घुसायचं, मग ब्रिटन-फ्रान्सने 'अरे अरे, भांडू नका' म्हणत मध्ये पडायचं आणि मध्ये पडता पडता कालवा ताब्यात घ्यायचा. ठरल्याप्रमाणे २९ ऑक्टोबरला इस्रायल घुसलं. ३१ तारखेला ब्रिटिश-फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकायला सुरुवात केली. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक उतरले, ६ ला सकाळी समुद्रातून फौज आली. पोर्ट सैद पडलं. फौजा कालव्याच्या काठाने दक्षिणेला निघाल्या. लष्करी दृष्टीने पाहिलं तर सगळं झकास चाललं होतं, इजिप्तची हवाई ताकद तर जवळजवळ संपलीच होती.

आणि त्याच ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री ब्रिटनने युद्ध थांबवलं. कालवा अर्ध्यावरही आला नव्हता, फौजा पोर्ट सैदपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर एल् कॅपला पोचल्या होत्या. एवढं झालं काय एका दिवसात? रशियाने धमकी दिली होती, संयुक्त राष्ट्रांत ठराव झाले होते, देशात विरोध होता, हे सगळं खरं. पण घाव बसला तो पौंडाला. एका पौंडाला २.८० डॉलर हा दर टिकवायचा तर बँक ऑफ इंग्लंडला बाजारात पौंड विकत घेत राहावं लागायचं, आणि ते विकत घ्यायला लागायचे डॉलर. जग पौंड विकत सुटलं. एकट्या नोव्हेंबर महिन्यात ब्रिटनच्या गंगाजळीतून २७.९ कोटी डॉलर गेले आणि साठा दोन अब्जांच्या खाली आला. आज हे आकडे चिल्लर वाटतात, तेव्हा दोन अब्ज ही लक्ष्मणरेषा होती.

उपाय सोपा होता, नाणेनिधीकडून पैसे उचलायचे. पण तिथे किल्ली अमेरिकेकडे. आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर खवळलेले, कारण त्यांना न सांगता हा उद्योग केला होता आणि तोही त्यांच्या निवडणुकीच्या आठवड्यात! त्यांनी निरोप दिला: आधी युद्ध थांबवा, मग पैशाचं बोलू. युद्ध थांबलं तर म्हणाले, आता फौजा काढा, मग बोलू. इकडे नासेरने कालव्यात जहाजं बुडवून तो बंद केलेला, सीरियातून जाणारी तेलाची पाइपलाइन फोडली गेलेली, त्यामुळे युरोपचं तेल आटलं. अमेरिकेने तेही दिलं नाही. डिसेंबरात लंडनला पेट्रोल रेशनवर मिळायला लागलं. ३ डिसेंबरला ब्रिटनने फौजा काढून घेण्याचं जाहीर केलं, आणि आठवडाभरात नाणेनिधीने एकूण १.३ अब्ज डॉलरची सोय करून दिली. जानेवारीत ईडन घरी गेले.

यातली गंमत अशी की मित्रावर ही वेळ अमेरिकेने एकही गोळी न झाडता आणली. आणि दुसरी गंमत अर्थमंत्री मॅकमिलन यांची. युद्धाला सर्वात उत्साही मंत्री तेच, आणि गंगाजळी आटत्ये म्हणून सर्वात आधी घाबरलेही तेच. मंत्रिमंडळाला त्यांनी पौंडाच्या गळतीचा जो आकडा सांगितला तो खऱ्यापेक्षा बराच फुगलेला होता असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय. ईडननंतर पंतप्रधान कोण झालं? मॅकमिलन! असो. फ्रेंच मात्र हुशार, त्यांनी लढाईच्या आधीच, ऑक्टोबरात, नाणेनिधीकडून कर्जाची व्यवस्था करून ठेवली होती. लग्नाला निघायच्या आधी ज्याने खिसा तपासला तो एवढा एकच.

आता टेबलावरचे सेनापती म्हणतील, "ते इंग्रज होते. त्यांचं साम्राज्य तसंही बुडतच होतं." कबूल. मग आपल्याकडे या. लांब नको, मुंबईला सहार विमानतळावर या.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत गिळलं. माझे थोरले काका तेव्हा कुवेतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. आमच्या चिपळूणकडच्या गावातून तेव्हा बरेच जण आखातात होते, काकांच्या मनीऑर्डरीवर घरावर स्लॅब पडला होता. महिनाभर त्यांची काही खबर नाही. आजीने देव पाण्यात ठेवले. मग सप्टेंबरात एके दिवशी दाढी वाढलेले, एक पिशवी घेतलेले काका दारात उभे. बसने बसरा, मग बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवर वाळवंटात तंबूत आठ दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान आणि सहार. त्या ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून सुमारे १,७०,००० माणसं अशीच आणली गेली. त्यासाठी परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला मिठी मारून आले आणि त्या फोटोवरून जगभर टीका झाली. मिठी मारली म्हणून आमचे काका आले, आमच्या घरात गुजरालांना कोणी नावं ठेवलेली मला आठवत नाहीत.

काकांच्या बुटात कुवेती दिनारच्या काही नोटा घडी घालून ठेवलेल्या होत्या. एका दिनारचे तेव्हा साठएक रुपये व्हायचे, म्हणजे आमच्या हिशेबाने मोठीच रक्कम. काका त्या घेऊन फोर्टमध्ये दोन-तीन ठिकाणी फिरले. कोणी हात लावेना. एक जण तर म्हणाला म्हणे, "काका, तो देश आहे का आता?"

हे एका घराचं झालं. तसंच देशाचंही झालं. कच्चं तेल जुलैतल्या पंधरा-सतरा डॉलरवरून ऑक्टोबरात चाळिशीला टेकलं. कुवेत-इराकमधून येणारा पैसा बंद, तिथली निर्यात बंद, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. (आपले अनिवासी बांधव फार देशभक्त असतात, फक्त व्याज आणि सुरक्षा दोन्ही मिळेपर्यंत.) अर्थात सगळा दोष सद्दामचा नाही. ऐंशीच्या दशकात आपण कर्ज काढून सण साजरे करत होतो, अल्पमुदतीची देणी साचली होती, तूट वाढत होती. घर आधीच वाळवीने पोखरलेलं होतं. सद्दामने फक्त दार जोरात आपटलं.

आणि मग जानेवारी १९९१. अमेरिका इराकवर हल्ल्याच्या तयारीत. तिची लष्करी वाहतूक करणारी विमानं पूर्वेकडच्या तळांवरून आखाताकडे निघालेली, त्यांना वाटेत इंधन हवं. अलिप्ततावादाचा झेंडा चाळीस वर्षं मिरवणाऱ्या, नेहरूंच्या, बांडुंगच्या भारताने ते दिलं! मुंबई, मद्रास आणि आग्र्याला. पंतप्रधान होते चंद्रशेखर, म्हणजे जन्माचे समाजवादी. त्याच जानेवारीत नाणेनिधीने आपल्याला सुमारे १.८ अब्ज डॉलर दिले. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही यावर लोक अजून भांडतात. तेव्हाचे वाणिज्यमंत्री सुब्रमण्यम स्वामी यांनी मात्र पुढे तसा दावा उघडपणे केला आहे. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला, राजीव गांधींनी विरोध केला आणि फेब्रुवारीत ते इंधन बंद झालं. मला विचाराल तर चंद्रशेखरांना मी दोष देत नाही. तिजोरीत खडखडाट असताना त्यांच्या जागी कोणीही असता, तुमचा आवडता नेता असता, तरी त्याने नळी जोडली असती. परराष्ट्र धोरण ही चीज ज्याच्या घरात दोन-चार महिन्यांचं धान्य आहे त्यालाच परवडते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान माहीत असायला हवं. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेला विकलं, सुमारे २० कोटी डॉलर मिळाले. हे सोनं कुठलं? सरकारने तस्करांकडून जप्त केलेलं! म्हणजे सिनेमात ज्यांच्या मागे इन्स्पेक्टर धावायचा त्या स्मगलरांची बिस्किटं ऐन वेळी देशाच्या उपयोगी पडली. तेवढ्याने भागलं नाही. जूनअखेर गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती राहिली. जुलैत रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या तिजोरीतलं सुमारे ४७ टन सोनं चार खेपांत विमानाने लंडनला पाठवून गहाण ठेवलं आणि ४०.५ कोटी डॉलर उचलले. सगळं गुपचूप. एका पत्रकाराने सहारवरून सोनं चढताना हेरलं आणि बातमी फुटली तेव्हा लोकांना कळलं. आमच्याकडे बायकोच्या पाटल्या सावकाराकडे ठेवताना माणूस जसा तिन्हीसांजेला, मान खाली घालून जातो, तसा हा देश त्या जुलैत गेला.

म्हणजे बघा, वर्षाच्या आत त्याच सहार विमानतळावर आमचे काका हात हलवत उतरले, तिथेच दुसऱ्याच्या युद्धाच्या विमानांना आपण तेल भरलं आणि तिथूनच आपलं सोनं उडालं. आणि त्या युद्धात आपण नव्हतोच! आपण एक गोळी झाडली नाही, आपल्यावर कोणी झाडली नाही. नुसत्या शेजारच्या गल्लीतल्या भांडणाने ही गत. हे १९९१ आमच्या टेबलावरच्या आठांपैकी पाच जणांच्या जन्माआधीचं आहे. आणि आमचा अख्खा सॉफ्टवेअरचा धंदा, आमची घरं, गाड्या, ऑनसाइटचे फोटो, हे सगळं त्या गहाणखतातून उगवलंय, कारण त्याच जुलैत रुपया दोनदा उतरवला गेला आणि २४ तारखेला मनमोहनसिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. आमच्या जमातीला रुपयाची काळजी नसण्याचं आणखी एक कारण आहे, ते चारचौघांत बोलत नाहीत. रुपया पडला की आमच्या कंपन्यांचा नफा वाढतो. युद्ध हवं, रुपया पडला तरी चालेल, पेट्रोल महागलं तर घरून काम करू. जवान कोणाचा, तर बुलढाण्याचा नाहीतर साताऱ्याचा.

"पण रशियाचं कोणी काय वाकडं केलं?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. चांगला प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला तेव्हा रशियाकडे सुमारे ६४० अब्ज डॉलरची गंगाजळी होती. एका शनिवार-रविवारात पाश्चात्त्य देशांनी त्यातली जवळजवळ निम्मी, सुमारे ३०० अब्ज, गोठवून टाकली. पैसे रशियाचे, पण ठेवलेले दुसऱ्याच्या घरात! मोठा भाग बेल्जियममधल्या युरोक्लिअरकडे. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर एका फटक्यात २० टक्क्यांवर नेला, लोकांना डॉलर काढण्यावर मर्यादा घातली आणि रूबल सावरला. सावरला कशाने? पुतिनच्या छातीने नाही. तेल आणि गॅस विकून रोज पैसा येत होता म्हणून. ज्याच्या अंगणात तेलाची विहीर आहे त्याची गोष्ट आपण आपल्याला लावू नये. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. या हिशेबात आपण रशिया नाही, छप्पन्न सालचं ब्रिटन आहोत.

शिवाय त्या रशियालाही पैशाने कसं छळलं ते बघायचं असेल तर गोव्याला या. मे २०२३ मध्ये बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती. तिथे लावरोव साहेबांनी जाहीरपणे गाऱ्हाणं मांडलं, की भारतीय बँकांमध्ये आमचे अब्जावधी रुपये साचलेत आणि आम्हाला ते वापरता येत नाहीत. आपण तेल घेतो भरपूर, रशियाला विकतो थोडं, मग उरलेल्या रुपयांचं त्यांनी करायचं काय? काजू किती खाणार? तेव्हा 'डॉलर संपला, आता रुपयात व्यापार' असे संदेश जे काका-मामा सकाळी सकाळी फुलांच्या चित्रासोबत पाठवतात, त्यांनी लावरोवना एकदा विचारावं. डॉलरच्या गुंडगिरीचा मलाही राग येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने त्याच रशियन तेलाचं निमित्त करून आपल्या मालावर आणखी २५ टक्के जकात लावली, एकूण ५० झाली आणि सुरतचे हिरेवाले, तिरुप्पूरचे कपडेवाले, आंध्रातले कोळंबीवाले रात्रीतून हवालदिल झाले. (पुढे ते दर खालीवर झाले, ती गोष्ट वेगळी.) राग येणं आणि पर्याय असणं यात फरक आहे एवढंच म्हणतोय. रिझर्व्ह बँकेला हे कळतं. २०२३-२४ मध्ये तिने ब्रिटनमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं गाजावाजा न करता परत आणलं. रशियाचं बघून शहाणपण आलं असेल किंवा १९९१ ची आठवण असेल, पण टीव्हीवरच्या दहा चर्चांपेक्षा मला ती बातमी जास्त लष्करी वाटली.

आणि पाकिस्तान? ते तर कायमचंच दिवाळखोर, तरी लढतंच की! हो, लढतं. पण कोणाच्या परवानगीने ते बघा. २८ मे १९९८ ला चगाईला अणुस्फोट केले आणि त्याच दिवशी स्वतःच्याच नागरिकांची परकीय चलनातली खाती गोठवली, सुमारे ११ अब्ज डॉलर. ज्यांनी दुबईत, लंडनमध्ये राबून डॉलर ठेवले होते त्यांना सांगितलं, रुपये घ्या आणि गप्प बसा. आपण त्याच महिन्यात पोखरण केलं, आपल्यावरही निर्बंध आले, पण आपण ऑगस्टमध्ये अनिवासी भारतीयांसाठी रोखे काढून ४.२ अब्ज डॉलर उभे केले. (मघाशी त्यांना टोमणा मारला तो या आकड्यापुरता मागे घेतो. व्याज चांगलं होतं, पण तरी.) एकाने घरच्यांना लुटलं, दुसऱ्याने घरच्यांकडून उसने घेतले. पुढच्या वर्षी कारगिल झालं, तर ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला धावले. मे २०२५ मध्येही तेच. आमचं ते गवारीचं जेवण झालं त्याच दिवशी नाणेनिधीच्या मंडळाने पाकिस्तानला सुमारे एक अब्जाचा हप्ता मंजूर केला. आपण मतदानाला गैरहजर राहून निषेध नोंदवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युद्धविराम. या दोन घटनांचा धागा जोडायचा मोह होतो, पण माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून जोडत नाही. एवढं मात्र दिसतं, की ज्याची गंगाजळी दहा अब्जांच्या आसपास आहे तो देश लढाई सुरू असतानाही एक डोळा वॉशिंग्टनच्या खिडकीवर ठेवून असतो. आपली तेव्हा ६८५ अब्जांच्या आसपास होती. टेबलावर मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे. एकाने अंदाज केला होता, "असेल पाच-सहा अब्ज?"

आणि ही ६८५ अब्ज भरतो कोण? थोडे आम्ही कीबोर्ड बडवणारे. थोडे शेअरबाजारात आलेले परदेशी, जे पहिला सायरन वाजला की विमानतळाकडे पळतात. आणि बराच मोठा वाटा आखातातला सुतार, अमेरिकेतला डॉक्टर, लंडनमधली केरळी नर्स यांचा. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२४ मध्ये बाहेरच्या भारतीयांनी १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले, जगात सर्वात जास्त. म्हणजे आमच्या काकांसारखेच लोक. आखात पेटलं की ते दारात दाढी वाढवून उभे, आणि तेलाचा भाव आकाशात. एकाच वेळी येणं बंद आणि देणं दुप्पट.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे परदेशी क्लायंट डेटा सेंटर बघायला आला, की त्याचा पहिला प्रश्न काय असतो? सर्व्हर किती वेगवान हा नाही. तो विचारतो, वीज गेली तर जनरेटरला किती तासांचं डिझेल आहे? आणि ते संपलं तर टँकर कुठून येणार, त्याचा करार दाखवा. तेच मी देशाबद्दल विचारतोय. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखाली कातळात कोरलेल्या गुहांमध्ये आपण आणीबाणीचं कच्चं तेल साठवतो. काम उत्तम केलंय, वाजपेयींच्या काळात निर्णय झाला, मनमोहनसिंगांच्या काळात खोदलं, मोदींच्या काळात भरलं, म्हणजे श्रेयासाठी भांडायलाही जागा नाही. क्षमता ५३.३ लाख टन. पूर्ण भरली तर देशाला पुरेल किती? साडेनऊ दिवस. तेल कंपन्यांच्या टाक्यांमधला साठा धरला तर एकूण चौऱ्याहत्तरच्या आसपास. पुढच्या टप्प्याला, ओडिशातल्या चंडीखोलला आणि पादूरच्या विस्ताराला, जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. २०२५ संपलं तरी त्यातली एकही गुहा तयार नव्हती. यावर संसदेत किती गदारोळ झाला? कुठल्या चॅनेलने लाल पट्ट्या फिरवल्या? एखाद्या नटाच्या विधानावर आठवडा काढणाऱ्यांना चंडीखोल कुठे आहे तेही माहीत नसतं. आणि स्वयंपाकाचा गॅस, जो आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो आणि तोही बहुतेक होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून, त्याच्या साठ्याबद्दल तर बोलायलाच नको.

युद्धविराम झाल्यावर पुढच्या आठवड्यात टेबलावर पुन्हा तेच आठ जण, थोडे नाराज. 'आत्ताच तर कुठे रंगात आलं होतं' असा चेहरा. मी नकाशावाल्याला साडेनऊ दिवसांचं सांगितलं. तो खरं म्हणजे हुशार मुलगा आहे, आमच्या टीममधला सर्वात चांगला कोड त्याचाच असतो. त्याने पोळीचा तुकडा हातात धरून दोन सेकंद विचार केला आणि म्हणाला, "अरे, पण युद्ध तर चारच दिवस चाललं ना?"

दोन वाजता मीटिंग होती. डबा बंद करून उठलो.